पुळण जाते कुठे?

प्रश्न : जुलैत आमच्यासमोरची पुळण खरवडून निघते, खालचे गोटे उघडे पडतात. दिवाळीनंतर वाळू परत दिसते. मधल्या काळात ती असते कुठे? (दापोली)

फार लांब नाही, तुमच्या समोरच पाण्याखाली. पावसाळी लाटा उंच असतात, आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते. शिवाय त्या एकीमागून एक येतात. आधीचं पाणी वाळूत मुरायच्या आत पुढची लाट चढते, त्यामुळे परतणारं पाणी जोरात उतरतं आणि वाळू ओढून नेतं. थोडं आत गेल्यावर ही वाळू किनाऱ्याला समांतर अशा उंचवट्यात साचते. मग मोठ्या लाटा तिथेच फुटू लागतात. पुळणीने स्वतःच घातलेला बांधच म्हणा ना! पाऊस सरला की बुटक्या, संथ लाटा तीच वाळू हळूहळू वर ढकलतात. न्यायला एक वादळी रात्र पुरते, आणायला महिने लागतात.

प्रश्न : लाटेबरोबर पाणी पुढे येतं, तर खोल समुद्रातली होडी वाहत किनाऱ्याला का लागत नाही?

कारण तिथे पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतं, पुढे सरकतो तो फक्त आकार. दर 8 सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात साधारण 100 मीटर लांब असते. पाणी त्याच्या निम्म्याहून, म्हणजे 50 मीटरहून उथळ झालं की तिला तळ लागतो. ती आखूड होते, उंचावते आणि दीड मीटरची लाट सुमारे 2 मीटर पाण्यात फुटते. खरं धावतं पाणी तिथून पुढे.

प्रश्न : वाडीपुढे दगडी बंधारा मागावा का? गावात दोन तट पडलेत. (मालवण)

घर किंवा रस्ता लाटेच्या तोंडावरच असेल तर दुसरा इलाज उरत नाही. पण बंधारा वाचवतो मागची जमीन, पुढची पुळण नव्हे. सरळ भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. तळ खोल झाला की पुढची लाट आणखी जवळ येऊन फुटते. मागच्या टेकाडातली वाळूही भिंतीआड अडकते. बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची वाडी खचू लागते. दोन तट बहुधा त्यावरूनच पडले असावेत. देवबागसारख्या एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर तर वाळू दोन्हीकडून हलते.

मागे जागा शिल्लक असेल तर आधी टेकाड सपाट करणं थांबवा आणि मर्यादवेल उपटू नका. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून ते नाव. वाऱ्याने उडणारी वाळू तीच धरून ठेवते.

प्रश्न : वाऱ्याची झुळूकही नसताना मोठ्या लाटा कशा येतात?

दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांतून. केरळात त्यांना ‘कल्लकडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबादचं इन्कॉइस केंद्र अशा लाटांचा इशारा देतं. त्या दिवशी उधाणही असेल, तर होडी नेहमीपेक्षा वर ओढून ठेवा.