वाचकांचे प्रश्न : ग्रीक येत नसेल तर देव अर्धाच कळतो का?

या वेळी आलेल्या पत्रांत बायबलच्या नव्या कराराच्या (येशूनंतर ग्रीकमध्ये लिहिलेल्या भागाच्या) शब्दांवरचे प्रश्न इतके आहेत की बाकीचे पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न (नगरहून, संडे स्कूल शिक्षिका) : आमच्याकडे योहानाच्या शुभवर्तमानाच्या (त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या) २१ व्या अध्यायावर उपदेश झाला. पाहुणे पाळक म्हणाले की येशूने आपला शिष्य पेत्र याला ‘आगापे’ म्हणजे दैवी प्रेमाबद्दल विचारलं, पेत्राने ‘फिलेओ’ म्हणजे नुसत्या मैत्रीचं प्रेम कबूल केलं आणि शेवटी येशूनेच त्याच्यासाठी पातळी खाली आणली. मराठीत वाचताना हे कधी लक्षातच आलं नाही. ग्रीक न येणाऱ्यांना देव अर्धाच कळतो का?

उत्तर : नाही ताई, आणि हे उदाहरण तर मुळातच कच्चं आहे. क्रियापदं दोन आहेत हे खरं, येशू पहिल्या दोन वेळा आगापाओ (आगापेचं क्रियापद) वापरतो, तिसऱ्यांदा फिलेओ, आणि पेत्र तिन्ही वेळा फिलेओच म्हणतो. पण म्हणून पेत्राचं प्रेम हलकं होतं असं म्हणायला योहान स्वतःच जागा ठेवत नाही. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान ३:३५ मध्ये आगापाओने सांगितलंय आणि ५:२० मध्ये तेच फिलेओने, मग काय मधल्या दोन अध्यायांत पित्याचं प्रेम कमी झालं? येशूच्या लाडक्या शिष्याचंही तसंच, १३:२३ मध्ये एक क्रियापद, २०:२ मध्ये दुसरं. आणि उलट बाजूने बघा, माणसांनी उजेडापेक्षा अंधारावर प्रीती केली (३:१९) तिथे आगापाओ आहे, देमास जगाच्या नादी लागून प्रेषित पौलाला सोडून गेला (२ तीमथ्य ४:१०) तिथेही तेच. जुन्या कराराचं ख्रिस्तपूर्व काळातलं ग्रीक भाषांतर उघडलं तर तामारेवर अत्याचार करणाऱ्या अम्नोनाच्या वासनेलाही हेच क्रियापद वापरलेलं सापडतं. म्हणजे शब्दातच पावित्र्य भरून ठेवलेलं नसतं, ते देवाने काय केलं त्यातून येतं, आणि योहान ३:१६ मध्ये तो ‘आपला एकुलता एक पुत्र दिला’ असं पुढे लगेच सांगतो ते त्यासाठीच. योहानाला शब्द पालटून लिहायची सवयही आहे, याच संवादात तो ‘कोकरं’ आणि ‘मेंढरं’, ‘चार’ आणि ‘पाळ’ असे शब्द आलटून पालटून घेतो.

पण याच अध्यायात ग्रीक खरंच काहीतरी दाखवतं आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. किनाऱ्यावर येशूने कोळशाचा विस्तव केलेला असतो (२१:९). तिथला शब्द ‘आंथ्राकिया’ अख्ख्या नव्या करारात फक्त दोनदा येतो. पहिल्यांदा कुठे? १८:१८, येशूला पकडलं त्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे थंडीत शेकत उभं राहून पेत्राने ‘मी त्याचा शिष्य नाही’ म्हटलं. तीन नकार तशाच विस्तवापाशी आणि तीन प्रश्नही तशाच विस्तवापाशी. आता येशू त्याला फैलावर घेत नाही, आधी मासे आणि भाकर खायला घालतो आणि मग विचारतो. असा देव आहे, आणि हे कळायला आगापे-फिलेओचा गोंधळ लागतच नाही.

प्रश्न (वसईहून) : माझा एक जवळचा मित्र म्हणतो की खरा देव निर्विकार असतो, ज्याला दुःख होतं तो देव कसला. मला उत्तर सुचलं नाही. बायबल काय म्हणतं?

उत्तर : दादा, तुमच्या मित्राचा विचार नवीन नाही, पहिल्या शतकातले शिकलेले ग्रीक लोकही बरंचसं असंच मानायचे. स्टोइक पंथात तर भावनांनी न हलणं हीच शहाण्या माणसाची खूण होती. त्याच लोकांच्या भाषेत शुभवर्तमानं लिहिली गेली आणि त्यात येशूसाठी एक क्रियापद परत परत येतं, ‘स्प्लांख्निझोमाय’. त्याच्या मुळाशी ‘स्प्लांख्ना’ आहे, म्हणजे काळीज, यकृत, आतडी, शरीराच्या आतले अवयव. बळी दिलेल्या जनावराच्या याच अवयवांना ग्रीक लोक स्प्लांख्ना म्हणायचे. म्हणजे शब्द अजिबात सोवळा नाही, रक्तामांसाचा आहे.

मराठी बायबलात तिथे ‘कळवळा आला’ असं आहे आणि मला ते फार आवडतं, कारण आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही, आपण रोजच म्हणतो पोटात कालवलं, आतडं तुटलं. १६११ च्या इंग्लिश बायबलने काही ठिकाणी ‘आतडी’ असं सरळ ठेवलं होतं, नंतरच्या भाषांतरांना ते अवघड वाटलं आणि त्यांनी काढलं. आपल्या भाषेत ते अजून जिवंत आहे.

आता हे क्रियापद कुठे येतं ते बघा. नव्या करारात एकूण १२ वेळा, सगळं मत्तय, मार्क, लूक यांच्यात. आठ वेळा येशूलाच कळवळा येतो. एकदा झटके येणाऱ्या मुलाचा बाप त्याला विनवतो, आमचा कळवळा येऊ द्या (मार्क ९:२२). आणि उरलेल्या तीन वेळा येशूने सांगितलेल्या दाखल्यांत, म्हणजे बोधकथांत : नोकराचं न फिटणारं कर्ज सोडणारा धनी, जखमी माणसापाशी थांबलेला शोमरोनी, आणि उधळ्या मुलाचा बाप. बाकी कुठल्याही माणसासाठी शुभवर्तमानकारांनी हा शब्द वापरलेला नाही, दया दाखवणारी माणसं त्या गोष्टींमध्ये आहेत पण हा शब्द नाही.

लूक ७ मध्ये नाईन गावाच्या वेशीपाशी विधवेच्या एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा चाललीय. तिने काही मागितलेलं नाही, तिचा विश्वास किती हे कोणी विचारत नाही, तिला येशू कोण हे माहीत होतं की नाही तेही लूक सांगत नाही. तिला बघून ‘प्रभूला’ कळवळा आला असं तो लिहितो, आणि कथा सांगताना लूक येशूला स्वतःच्या शब्दांत प्रभू म्हणतो ती ही पहिली जागा आहे. ज्या देवाचं नाव ग्रीक जुन्या करारात ‘कुरिओस’ म्हणजे प्रभू असं यायचं त्याच शब्दाखाली लूक आतडं तुटणं लिहितो. मग येशू रडू नको म्हणतो आणि तिरडीला हात लावतो, जो धर्मशास्त्राप्रमाणे विटाळ होता.

म्हणून तुमच्या मित्राला सांगा की देव आपल्यासारखा लहरी, आज राजी उद्या नाराज असा नाही यावर आम्हीही ठाम आहोत, चर्चच्या जुन्या आचार्यांनी यावर भरपूर लिहिलंय. पण न हलणारा देव आणि न बदलणारा देव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचा कळवळाच बदलत नाही.

प्रश्न (कोल्हापूर, तरुण वाचक) : दोन फॉरवर्ड आले होते. एकात लिहिलंय की येशूने वधस्तंभावर म्हटलेला ‘तेतेलेस्ताय’ (पूर्ण झाले आहे) हा शब्द कर्ज फिटल्याच्या पावतीवर मारायचे, दुसऱ्यात ‘दुनामिस’ म्हणजे देवाचा डायनामाइट. खरं आहे का?

उत्तर : दुसरं आधी. डायनामाइट हे नाव आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये दिलं, पौलाला सुरुंग माहीत नव्हता. रोम १:१६ मधलं ‘दुनामिस’, म्हणजे सामर्थ्य, तारणासाठी आहे, फोडण्यासाठी नाही.

पहिल्याबद्दल, इजिप्तमध्ये पपायरसवरच्या जकातीच्या पावत्या सापडल्या, त्यावर शब्द अर्धवट लिहिलेला असायचा आणि सुरुवातीला काहींनी तो तेतेलेस्ताय असा पुरा केला, पण तिथे ‘जकात भरली’ असं दुसरंच क्रियापद आहे असं आता मानतात. त्यामुळे हा किस्सा पुढे पाठवू नका. योहान १९:३० कळायला त्याची गरज पण नाही, कारण दोनच ओव्या आधी, १९:२८ मध्ये, आता सगळं पूर्ण झालं आहे हे येशूला कळलं असं सांगताना तेच रूप येतं, आणि १७:४ मध्ये त्याच घरातल्या शब्दाने तो पित्याला सांगतो, तू दिलेलं काम मी पुरं केलं. ग्रीकमधला हा काळ झालेल्या आणि तशाच टिकून राहिलेल्या गोष्टीचा, आपल्या ‘पूर्ण झाले आहे’ मध्ये तो ‘आहे’ सकट तंतोतंत उतरलाय.

प्रश्न (पुण्याहून, कॉलेज विद्यार्थिनी) : पवित्र आत्म्याला इंग्लिशमध्ये कुठे कम्फर्टर, कुठे हेल्पर, कुठे अॅडव्होकेट. मूळ शब्द काय? आणि ग्रीक येत नसेल तर अभ्यास कसा करायचा?

उत्तर : मूळ शब्द ‘पाराक्लेतोस’, मदतीला जवळ बोलावलेला, संकटात किंवा कोर्टात तुमच्या बाजूने उभा राहून बोलणारा. आपल्या बायबलात कैवारी. हा शब्द ज्याने निवडला त्याचे मी खरंच आभार मानतो, कारण पाठीशी उभं राहणं आणि बाजू घेणं दोन्ही त्यात आहे. शिवाय १ योहान २:१ मध्ये हाच शब्द येशूसाठी आहे आणि मराठीत तिथेही कैवारीच. जुन्या इंग्लिशमध्ये एका ठिकाणी कम्फर्टर, एका ठिकाणी अॅडव्होकेट, त्यामुळे दोन्ही जागी एकच शब्द आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही. आता योहान १४:१६ परत वाचा, ‘दुसरा कैवारी’. दुसरा म्हणजे पहिला कोणीतरी आहे, तो येशू. पहिला पित्याजवळ आपली बाजू घेतो, दुसरा आपल्याजवळ राहतो, आणि दोघांना पाठवणारा पिता एकच. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावताना मी इथूनच सुरुवात करतो.

अभ्यासाबद्दल, पंडिता रमाबाई मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत त्यांनी सगळं बायबल आणलं, १९२२ मध्ये गेल्या त्याच्या थोडं आधी काम संपलं आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने ते छापलं. ते मिळालं तर नेहमीच्या मराठी बायबलाशेजारी ठेवून वाचा, जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथे पेन्सिलने खूण करा. मग शब्दसूचीत (बायबलातला कोणता शब्द कुठे कुठे येतो त्याच्या यादीत) तो शब्द त्याच लेखकाने आणखी कुठे वापरलाय ते शोधा, डिक्शनरीतला अर्थ त्यानंतर. सुरुवात योहान १३ ते १७ पासून करा, आणि कैवारी जिथे जिथे येतो (१४:१६, १४:२६, १५:२६, १६:७) तिथे तो नेमकं काय करतो ते वहीत क्रियापदांनी लिहा. यादी झाली की पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.