घरात लहान मुलं असताना क्लंबर स्पॅनियल जातीचा कुत्रा पाळावा का? स्वभाव कसा असतो आणि निगा काय लागते?

जरूर पाळा. तुम्ही इंग्लंडमध्ये डर्बीत राहता, मुलं लहान आहेत आणि मोठा पण शांत कुत्रा हवाय, असं लिहिलंय. आमच्याकडे नॉटिंगहॅमला क्लंबरची मादी आहे, म्हणून अनुभवाने सांगते.

स्पॅनियलांमध्ये हा सगळ्यात दणकट. नर ३६ किलोपर्यंत भरतो, मादी तिशीच्या आसपास. कॉकर स्पॅनियलसारखा दिवसभर घर डोक्यावर घेत नाही. नॉटिंगहॅमशरमधल्या क्लंबर पार्कवरून, म्हणजे न्यूकॅसलच्या ड्यूकच्या जहागिरीवरून, त्याला नाव मिळालं. दाट झुडपांत शिरून, नाकाने माग काढत फेझंट (शिकारीचे पक्षी) उठवायचे, तेही सावकाश आणि आवाज न करता, हे त्याचं मूळ काम. ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड सँड्रिंगहॅमच्या आपल्या जहागिरीवर हेच कुत्रे बाळगून होता. तो धीमेपणा अजून रक्तात आहे. मुलांवर जीव लावतो, परक्यांशी जरा राखून असतो. मात्र एकदा वास लागला की हाका कानावर जात नाहीत, त्यामुळे रस्त्याजवळ पट्टा सोडू नका. आणि शांत आहे म्हणून फिरवायचा कंटाळा नको. खादाड जात आहे, वजन लगेच वाढतं आणि भार सांध्यांवर येतो.

सगळ्यात जास्त लक्ष त्याच्या तोंडाकडे द्या. दारावर कोणी आलं की आमची आधी मोजा शोधते आणि तो तोंडात धरून अख्खं अंग हलवत पाहुण्यासमोर उभी राहते. दिसायला फार गोड, पण मोजा गिळला तर आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनवर येतं. हिसकवायला मागे धावलात तर घाईने गिळेल. चीजचा तुकडा पुढे करून 'दे' म्हणायचं, हे पिल्लू घरी आल्या दिवसापासून शिकवा. मुलांनाही मोजे आणि छोटी खेळणी उचलून ठेवायची सवय लागायला हवी.

निगेत पहिले डोळे. खालची पापणी लोंबते, तिच्यात धूळ आणि उन्हाळ्यात गवताची कुसळं अडकतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून रोज हलक्या हाताने पुसा. काहींची पापणी आत वळते आणि केस बुबुळाला घासतात, मग व्हेटशिवाय इलाज नाही. फिरून आलं की कान आणि बोटांमधले केसही चाचपा, कुसळ तिथेही रुततं. केस बारा महिने गळतात, लाळ गळते, घोरतो. हे चालणार नसेल तर दुसरी जात बघा. गाडीतून उडी मारू देऊ नका, रॅम्प घ्या.

केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी ब्रिटिश संस्था) यादीत ही जात दुर्मिळ होत चाललेल्या ब्रिटिश जातींमध्ये आहे, त्यामुळे पिल्लासाठी थांबावं लागेल. थांबा. ब्रीडरकडे आईवडिलांचे हिप स्कोअर (मागच्या पायांच्या खुब्याच्या सांध्यांच्या तपासणीचे गुण, ० ते १०६, जितका कमी तितका चांगला), डोळ्यांची तपासणी आणि पीडीपी-१ या जनुकीय दोषाची चाचणी मागा. हा दोष दोन्हीकडून आला तर पिल्लाला थोडी धावपळही झेपत नाही. कागद दाखवायला टाळाटाळ झाली, किंवा आईचे डोळे लाल, चिपडलेले दिसले, तर पिल्लू कितीही गोंडस असो, न घेता परत या.