तिसऱ्या पायरीवरचा पेपर

पत्र : "मावशी, आमच्या तीन मजली रो हाऊसचं जोतं बांधून झालंय, पुढच्या आठवड्यात आत भराव पडणार. आणि नकाशावरून आम्हा दोघांचं बोलणं बंद आहे. मला तळमजल्यावर मागच्या बाजूला बंद स्वयंपाकघर हवंय, ह्यांना पुढून मागपर्यंत सगळं खुलं. पुढची दहा बाय अकराची खोली त्यांनी ऑफिससाठी धरलीय, संडास जिन्याखाली. आम्ही आणि मुलं पहिल्या मजल्यावर. सासूबाईंना (वय ७२) दुसऱ्या मजल्यावर गच्चीला लागून शांत खोली दिलीय. त्या म्हणाल्या, मला कुठेही चालेल. आता सध्याच्या घरात त्या रोज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पेपर वाचत बसतात, मुलांना वाट मिळत नाही, तो प्रश्न तरी सुटेल. स्वयंपाकघराचं काय करू?"

अगं, स्वयंपाकघर राहू दे. मला आधी सांग, घरात खुर्च्या असताना बहात्तर वर्षांची बाई जिन्यात बसून पेपर का वाचेल?

त्या वाचायला बसत नाहीत. तीन पायऱ्या चढल्या की गुडघा पुढे जाऊ देत नाही, म्हणून टेकतात. पेपर हातात असला की कुणी काही विचारत नाही, एवढाच त्याचा उपयोग. माझे वडील जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. आम्ही समजायचो, त्यांना समोरचं झाड आवडतं. दोन वर्षं आम्ही तेच समजत होतो, म्हणून तुझ्यावर चिडतेय.

आता हिशेब कर. मजल्याची उंची दहा फूट आणि पायरी पावणेसात इंचांची धरली तर एका मजल्याला अठरा पायऱ्या, दुसऱ्या मजल्यापर्यंत छत्तीस. दिवसातून चारदा खाली येऊन वर जायचं म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यातल्या निम्म्या उतरायच्या, आणि दुखऱ्या गुडघ्याला उतरणं चढण्याहून अवघड. आज ज्यांना तिसऱ्या पायरीवर बसावं लागतं, त्या महिन्याभरात खाली यायच्या बंद होतील. तुम्ही तिला शांत खोली म्हणताय.

नकाशावरून नवऱ्याशी बोलणं बंद आहे, हे तू लिहिलंस. पण ही खोली दोघांनी मिळून ठरवलीत, त्यात तुमचं एका शब्दाचं भांडण झालं नाही. सासूबाईंचंही चुकतंच. दुखतं ते दुखतं म्हणावं, "कुठेही चालेल" म्हणून सगळ्यांना मोकळं करू नये.

पुढची खोली सासूबाईंची. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर जाईल, तुझ्या नवऱ्याचे गुडघे धड आहेत. रो हाऊसच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. घराचा मध्य अंधारा राहतो, तिथे जिना आणि संडास-बाथरूम शोभतं. उजेडाची खोली दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला द्यायची.

आणि तो जिन्याखालचा संडास काढून टाका. तिथे छत उतरतं असतं, वाकून शिरायचं आणि वाकूनच उठायचं. त्यांच्या खोलीला लागून, जिन्याच्या कडेला, पाच बाय आठचं संडास-बाथरूम करा. दार तीन फुटी, बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्या माणसाचंच अंग दाराला आड येतं आणि बाहेरच्यांना शिरता येत नाही. कमोडच्या बाजूची भिंत पक्की विटांची, म्हणजे आधाराचा दांडा घट्ट बसेल. दाराशी उंचवटा नको, पाणी अडवायला फरशीला आतल्या बाजूला उतार पुरतो.

हे भराव पडायच्या आत व्हायला हवं. मैल्याचा चार इंची पाइप जोत्याच्या आत उतार साधत बाहेरच्या चेंबरपर्यंत जातो. वर कोबा आणि फरशी झाली की तोच पाइप टाकायला आख्खी जमीन फोडावी लागते. स्वयंपाकघराच्या भिंतीला घाई नाही. तिच्यावर स्लॅबचा भार येत नसेल तर ती राहायला गेल्यावरही घालता येईल. तोवर भांडा खुशाल.

उद्या सकाळी आर्किटेक्टला फोन कर. मग सासूबाईंना घेऊन जागेवर जा, पुढच्या खोलीत खडूने पलंगाएवढा चौकोन आख. "चालेल का?" असं विचारू नकोस, त्या हो म्हणतील. डोकं कुठल्या बाजूला हवं, रात्री उठलं की हात कुठल्या भिंतीला लागायला हवा, ते विचार. त्यांना त्या चौकोनापासून बाथरूमच्या दारापर्यंत चालू दे, आणि तू मागून चाल.

आणि आजच, सध्याच्या घरात, जिन्याच्या पायथ्याशी हातांची एक खुर्ची ठेव.