वाचकांचे प्रश्न : उशिरा वाढलेला बचावपटू आणि लवकर उतरलेला बचावपटू

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा असून कोल्हापुरातील एका तालमीच्या कुमार फुटबॉल संघात राइट बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) म्हणून खेळतो. त्याला सेंटर बॅक (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा) व्हायचे आहे. परंतु अलीकडे एका निवड चाचणीत उंची कमी पडते, असे सांगून त्याला वगळण्यात आले. इंग्लंडमधील लिव्हरपूल क्लबचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक याही वयात ठेंगणाच होता, असे तो आम्हांला सांगतो. हे खरे आहे काय, आणि आम्ही त्यावर कितपत विसंबावे?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : आपला मुलगा सांगतो ते खरे आहे, पण ती हकिकत पूर्ण माहीत करून घ्यावी. व्हॅन डाइकचा जन्म १९९१ मध्ये नेदरलँड्समधील ब्रेडा येथे झाला आणि टिलबर्गच्या ‘विलेम टू’ या क्लबच्या अकादमीत तो लहानाचा मोठा झाला. सोळाव्या वर्षी तो उंच नव्हता, फारसा वेगवानही नव्हता आणि आपल्या मुलाप्रमाणेच राइट बॅकला खेळत असे. त्यानंतर थोड्याच काळात त्याची उंची सुमारे १८ सेंटिमीटरने वाढली आणि तो बचावफळीच्या मध्यभागी आला.

येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढची मात्र सहसा सांगितली जात नाही. उंची वाढल्यावरही त्याच्या स्वतःच्या क्लबला तो पहिल्या संघात खेळवण्याजोगा वाटला नाही. त्या काळात तो ब्रेडातील एका उपाहारगृहात भांडी घासून चार पैसे मिळवत असे. नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेन क्लबसाठी खेळाडू हेरणारे मार्टिन कूमन, म्हणजे नेदरलँड्सचे प्रसिद्ध बचावपटू रोनाल्ड कूमन यांचे वडील, यांनी त्याच्यातले गुण ओळखले आणि २०१० मध्ये कोणतेही हस्तांतरण शुल्क न देता ग्रोनिंगेनने त्याला घेतले. १ मे २०११ रोजी, विसावे वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने असताना, तो एडीओ डेन हाग या क्लबविरुद्ध बदली खेळाडू म्हणून प्रथमच पहिल्या संघाकडून मैदानात उतरला. पुढच्याच वर्षी आंत्रपुच्छाचा दाह पोटात पसरून तो इतका गंभीर आजारी पडला की, रुग्णालयात त्याच्याकडून मृत्युपत्रासारख्या कागदांवर सह्या घेण्यात आल्या. त्यातून उठून तो पुन्हा खेळू लागला, २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिककडे गेला आणि तेथील दोन्ही हंगामांत त्याने लीगचे विजेतेपद मिळवले. तरीही २०१४ च्या विश्वचषकातील डच संघात तो नव्हता. देशाकडून पहिला सामना त्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये, चोविसाव्या वर्षी मिळाला. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने त्याच्यासाठी साडेसात कोटी पौंड मोजले, तेव्हा ती रक्कम बचावपटूसाठी जगभरातला उच्चांक ठरली.

माझ्या मते राइट बॅकची ती वर्षे वाया गेली नाहीत. अंगाने लहान असलेल्या बचावपटूला धक्क्याने चेंडू जिंकता येत नाही. समोरचा काय करणार हे त्याला आधीच ओळखावे लागते आणि चेंडू पायात आल्यावर तो नीट पुढे द्यावा लागतो. आजचा व्हॅन डाइक जमिनीवर घसरून चेंडू काढताना क्वचितच दिसतो, कारण बहुतेक वेळा तो आधीच योग्य जागी उभा असतो.

आता विसंबण्याविषयी. उंची वाढेलच, या आशेवर काहीही ठरवू नये. मनगटाच्या क्ष-किरण तपासणीवरून हाडांचे वय कळते आणि वाढ किती उरली आहे, याचा अंदाज बालरोगतज्ज्ञ त्यावरून देऊ शकतात. तो एकदा अवश्य घ्यावा. वाढ थांबली असली, तरी दार बंद होत नाही. २००६ मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा कर्णधार फाबिओ कन्नावारो हा सेंटर बॅकच होता. त्याची उंची पावणेसहा फुटांच्या आसपास होती आणि त्याच वर्षीचा बॅलन डी’ऑर हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कारही त्याला मिळाला. सध्या मुलाला राइट बॅकलाच भरपूर सामने खेळू द्यावेत आणि शक्य असल्यास सरावात मध्यभागी उभे राहण्याची संधी प्रशिक्षकांकडे मागावी.

प्रश्न : कोवळ्या वयातच मोठ्या संघात उतरणे बचावपटूला हितकारक की घातक?
— एक वाचक, पुणे

उत्तर : याचे उदाहरणही नेदरलँड्सचेच घ्यावे. मथायस डी लिख्टने सप्टेंबर २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबकडून पदार्पण केले. मार्च २०१७ मध्ये बल्गेरियाविरुद्ध तो राष्ट्रीय संघातून प्रथमच खेळला. त्या सामन्यातील दोन्ही गोल त्याच्या चुकांतून झाले, मध्यंतरालाच त्याला बाहेर घेण्यात आले आणि पराभवानंतर प्रशिक्षक डॅनी ब्लिंड यांना पद गमवावे लागले. आघाडीच्या खेळाडूने दवडलेली संधी पुढच्या गोलाने पुसली जाते, परंतु बचावपटूची चूक गोलफलकावर राहते; सतरा वर्षांच्या मुलासाठी हा भार फार मोठा असतो.

तो सावरला, याचे श्रेय मी आयाक्सलाही देतो. क्लबने त्याला लपवले नाही. दोनच महिन्यांनी मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या युरोपा लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याला सुरुवातीपासून खेळवले आणि २०१८ मध्ये, अठराव्या वर्षी, कर्णधार केले. त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा ‘गोल्डन बॉय’ पुरस्कार मिळवणारा तो पहिला बचावपटू ठरला. म्हणून पदार्पणाच्या वयापेक्षा, पहिल्या मोठ्या चुकीनंतरच्या सामन्यात संघ त्या मुलाला पुन्हा उतरवतो की बाकावर बसवतो, हे मी आधी पाहीन.