स्पॉन्सर येईल या आशेवर पोरांना किती दिवस थांबवू?

पत्र असं आलंय:

"ताई, मी एक प्रोफेशनल सायकलिंग टीम चालवतो, दुसऱ्या डिव्हिजनची. मुख्य स्पॉन्सर या सीझननंतर सोडतोय, जूनमध्येच सांगितलं त्यांनी. तेव्हापासून नवा शोधतोय. एक कंपनी चार वेळा भेटली, दर वेळी 'जवळपास नक्की' म्हणतात आणि सही करत नाहीत. सप्टेंबर संपत आला. रजिस्ट्रेशनला किमान 20 रायडर लागतात, पुढच्या वर्षीचा करार असलेले माझ्याकडे 9 आहेत. एक 22 वर्षांचा पोरगा आमच्याकडेच तयार झाला, त्याला दुसऱ्या टीमची ऑफर आहे. मी म्हटलं थांब, दोन आठवड्यांत होतंय. त्याला सात आठवडे झाले. आणि बँक गॅरंटीसाठी घर तारण ठेवायचे कागद तयार करून आणलेत, बायकोला माहीत नाही. रात्री झोप लागत नाही. काय करू?"

अहो, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळं पत्र स्पॉन्सरबद्दल आहे आणि शेवटी घाईघाईत पोराबद्दल आणि बायकोबद्दल लिहिलंय, आणि मला वाटतं झोप उडवलीय ती त्या शेवटच्या ओळींनीच.

आधी एक सांगते, स्पॉन्सर मिळत नाही म्हणून स्वतःला नालायक समजत असाल तर ते डोक्यातून काढा. या खेळाचं गणितच तसं आहे. स्टेडियम नाही, तिकीट नाही, लोक रस्त्याच्या कडेला फुकट उभे राहतात, टीव्हीचा पैसा रेस भरवणाऱ्यांकडे जातो, टीमकडे विकायला राहतं काय तर जर्सीवरची जागा आणि टीमचं नाव. 1954 साली फिओरेन्झो मान्यी या इटालियन रायडरने निव्हिया क्रीमवाल्यांना टीममध्ये आणलं, सायकल धंद्याबाहेरचा पैसा तेव्हापासून आला, आणि आज सत्तर वर्षं झाली तरी टीम्स तशाच कुणा कंपनीच्या मर्जीवर उभ्या आहेत. 2011 मध्ये एचटीसी-हायरोड बंद पडली, ती तर वर्षानुवर्षं ढिगाने रेस जिंकणारी टीम होती! जुलैत त्यांच्या मार्क कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्स या सगळ्यात मोठ्या रेसची हिरवी जर्सी, म्हणजे गुणांमध्ये पहिला येणाऱ्याची, जिंकली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मालकांनी सांगितलं की स्पॉन्सर मिळाला नाही, टीम थांबवतोय. जिंकणाऱ्यांची ही गत, तर तुम्ही स्वतःला किती दोष देणार.

तुमची कोंडीही कळतेय मला. कंपनी विचारते रायडर कोण आहेत, रायडर विचारतात स्पॉन्सर कोण आहे. कंपनीला टूरमध्ये आपलं नाव दिसेल का हे आत्ता हवंय, आणि दुसऱ्या डिव्हिजनच्या बहुतेक टीम्सना टूरचं आमंत्रण येतंय की नाही हे सगळे करार होऊन गेल्यावर कळतं. मग तुम्ही दोन्हीकडे थोडं थोडं वाढवून सांगायला लागता, कंपनीला सांगता की पोरं नक्की आहेत आणि पोरांना सांगता की कंपनी नक्की आहे. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण सात आठवड्यांत असं एकदाही झालं नसेल यावर माझा विश्वास नाही. रागावून म्हणत नाहीये, माणूस बुडायला लागला की हातात येईल ते धरतो.

पण ताई म्हणून विचारलंत तर स्पष्ट सांगते, त्या पोराला आज रात्रीच फोन करा आणि तो मोकळा आहे हे सांगा.

दोन टीम्सचं बघा. ऑगस्ट 2017 मध्ये कॅननडेल-ड्रॅपॅकचे मॅनेजर जोनाथन व्हॉटर्स यांना कळलं की पुढच्या वर्षीचा पैसा आलेलाच नाही. त्यांनी जाहीर करून टाकलं, सगळ्या रायडर्सना आणि स्टाफला सांगितलं की तुम्ही दुसरीकडे बोलणी करायला मोकळे आहात. जुलैच्या टूरमध्ये दुसरा आलेला रिगोबेर्तो उरान त्यांच्याच टीमचा, त्याला कोणीही घेतलं असतं, तरी तो राहिला. चाहत्यांनी खिशातून पैसे दिले, आणि सप्टेंबरमध्ये ईएफ एज्युकेशन फर्स्ट ही शिक्षण क्षेत्रातली कंपनी स्पॉन्सर म्हणून आली, टीम वाचली. खरं सांगितलं म्हणून स्पॉन्सर पळून गेला असं काही झालं नाही, उलट गरज सगळ्यांना दिसली. आता 2022 ची फ्रान्सची बी अँड बी हॉटेल्स टीम घ्या. जेरोम पिनो मनापासून धडपडत होते, मोठं स्वप्न होतं, कॅव्हेंडिश त्यांच्याकडे येणार असं सगळे धरून चालले होते, पण पैसा आज येईल उद्या येईल करत डिसेंबर उजाडला आणि मग टीम बंद. डिसेंबरात बाकीच्यांच्या जागा भरलेल्या असतात हो. कॅव्हेंडिशला जानेवारीत अस्ताना टीमने घेतलं, 2024 ला त्याने टूरमधली 35 वी स्टेज, म्हणजे एका दिवसाची रेस, जिंकून एडी मर्क्स या बेल्जियन दिग्गजाचा विक्रम मोडला, पण तो कॅव्हेंडिश. तुमच्या 22 वर्षांच्या पोरासाठी जानेवारीत कोण जागा काढणार?

आणि थांबण्याच्या दुसऱ्या टोकाला मी स्वतः राहिलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या ऑफिसात होते, पगार अडकले होते आणि साहेब चांगला माणूस, रोज म्हणायचे पुढच्या सोमवारी नक्की. आम्ही सहा जण सोमवारची वाट बघत बसायचो, जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला की चेहरा कसाय ते बघायचो, हसरा असला की वाटायचं आलं वाटतं काहीतरी. चार महिने गेले. मला दुसरी नोकरी सांगून आली होती ती त्यात हातची गेली. पैसे बुडाले त्याचं मी कधीच विसरले, पण पैसे येणार नाहीत हे त्यांना दुसऱ्याच सोमवारी माहीत होतं हे नंतर कळलं ते अजून लागतं. तुमचा पोरगाही तसाच मेसेज टाकत असेल, "सर काही कळलं का", आणि तुम्ही निळ्या टिका पडू नयेत म्हणून तो उघडतच नसाल.

फोनवर प्रस्तावना नको. "आपल्याकडे पैसा नाही, कधी येईल माहीत नाही, तुझी ती ऑफर अजून आहे का?" इथून सुरू करा. तो रडेल किंवा चिडेल, चिडू दे. ऑफर थंडावली असेल तर त्या टीमच्या मॅनेजरला तुम्ही स्वतः फोन करा, सांगा की उशीर माझ्यामुळे झाला, पोराला दोष नका देऊ. एवढं तुम्ही त्याला देणं लागता. मग उरलेल्यांना एकत्र बसवा, मेकॅनिक, मसाजवाले, बस चालवणारा, सगळे, कारण रायडरला निदान एजंट असतो, या लोकांना कोण असतं.

त्या कंपनीलाही तारीख द्या, दहा दिवस, लेखी. चार मीटिंगा करून सही न करणारी कंपनी पाचव्यात करेलच असं मला वाटत नाही, आणि नाही म्हणाली तर निदान दुसऱ्या दारी जायला मोकळे व्हाल. दोन छोटे स्पॉन्सर जोडता येतात का, अशाच अडकलेल्या दुसऱ्या टीमबरोबर एकत्र येता येतं का, की वर्षभर कॉन्टिनेन्टल म्हणजे तिसऱ्या लेव्हलला उतरून कमी रायडरवर, कमी खर्चात चालवता येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. खाली उतरण्यात लाज मानू नका एवढंच.

आता घराचं. बँक गॅरंटी कशासाठी असते ते तुम्हाला माहितीय, टीमने पगार थकवले तर रायडरना त्यातून पैसे मिळावेत म्हणून. म्हणजे ज्या दिवशी टीम बुडेल त्याच दिवशी बँक घराकडे वळणार. आणि गॅरंटीने सीझन चालत नाही, तो स्पॉन्सरच चालवतो, तो नसेल तर घर टाकून तुम्ही काही महिने विकत घेताय फक्त. माझं मत विचाराल तर करू नका. पण माझ्या मताआधी त्या घरात राहणाऱ्या बाईचं मत आहे, आणि तिला विचारलेलंच नाही. कदाचित ती म्हणेल ठेवा तारण, वीस वर्षं तुमचं हे वेड तिने बघितलंच असेल. कदाचित नाही म्हणेल आणि तुम्हाला मनातून हायसं वाटेल. ते कागद कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत ते काढा आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवा, सही करायच्या आधी, आणि तिचं वाचून होईपर्यंत मध्ये बोलू नका.

पोराला फोन मात्र त्याच्याही आधी, कारण त्याची ऑफर कधीही जाऊ शकते. काय म्हणाला ते मला नक्की कळवा.

तुमची ताई