ब्रेडन वॉटर ओलांडण्यापूर्वी

इंग्लंडमधील नॉरफोक ब्रॉड्स या नद्या-तळ्यांच्या जलमार्गांवर प्रथमच भाड्याची नौका घेत आहात, म्हणून ग्रेट यारमथजवळच्या ब्रेडन वॉटरविषयी सविस्तर लिहितो. भरतीच्या वेळी हा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा विस्तीर्ण जलाशय सर्वत्र सारखाच खोल भासतो. प्रत्यक्षात लाल आणि हिरव्या खांबांमधील मार्गच खोल असून बाहेर सर्वत्र चिखल आहे. यारमथकडून आत जाताना लाल खांब डावीकडे आणि हिरवे उजवीकडे ठेवावेत, परतताना याच्या उलट. वळणावर कोपरा कापून जवळचा रस्ता कदापि धरू नये. बहुतेक नौका तिथेच रुततात असे माझे मत आहे.

यारमथ येथे ओहोटीच्या नीचतम वेळेनंतर साधारण तासाभराने प्रवाह मंदावतो. तेव्हाच निघावे, कारण नंतर पाणी चढत असल्याने नौका रुतली तरी ती लवकर तरंगते. उतरत्या पाण्यात रुतल्यास मात्र पुढील भरतीपर्यंत, म्हणजे कदाचित दहा-बारा तास, अडकून पडावे लागते.

रुतताच इंजिन उलट चालवून पाहावे, नाळ (नौकेचे पुढचे टोक) रुतली असल्यास सर्वांनी मागे सरकावे. तरीही नौका न हलल्यास इंजिन बंद करावे आणि नौका देणाऱ्या कंपनीला कळवावे. जीवाला धोका असेल तर ९९९ वर तटरक्षकांना बोलवावे. मुलांसह सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घालून नौकेतच राहावे. चिखल कितीही टणक दिसला, तरी खाली उतरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.