आईस स्पीडवे, म्हणजे बर्फावरची मोटारसायकल रेस, पहिल्यांदा बघायला जातोयस ना, मग हे वाच

जर्मनीतल्या इन्झेलची तिकिटं काढलीस हे एकदम भारी केलंस. आता ऐक, सगळ्यात आधी कपडे, कारण स्केटिंगच्या 400 मीटरच्या रिंगवर रेस होते, छप्पर असलं तरी तासन्तास बसून पाय गारठतात, तेव्हा लोकरीचे मोजे दोन जोड घाल आणि कानात इअरप्लग हवेतच.

पहिल्या एकदोन हीट्समध्ये (म्हणजे छोट्या छोट्या रेसमध्ये) कोण पुढे आहे ते बघूच नकोस, फक्त टायर बघ. जवळपास 3 सेंटीमीटरचे खिळे असतात त्यात, म्हणून तर चाकांवर एवढी मोठी मडगार्ड असतात. गाडीला ब्रेक नाही. वळणावर रायडर गाडी इतकी आडवी पाडतो की डावं हँडल बर्फाला टेकायला येतं, आणि डाव्या गुडघ्याला जुन्या टायरचा तुकडा बांधलेला असतो तो बर्फावर घासत जातो, ते जवळून बघितलं ना की अंगावर काटा येतो खरंच.

प्रत्येक हीटला चार जण, चार लॅप, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत 3-2-1-0 पॉइंट, एवढंच गणित. लाल, निळा, पांढरा, पिवळा हे हेल्मेटचे रंग लक्षात ठेव आणि प्रोग्रामवर पेनाने पॉइंट लिहीत जा, मजा दुप्पट होते.

जुन्या रेस बघायच्या असतील तर रशियाचा रायडर निकोलाय क्रास्निकोव्हपासून सुरुवात कर, 2005 ते 2012 सलग आठ वर्ल्ड टायटल! आणि जागा वळणाजवळचीच घे, स्टार्टसमोरची नको.